उताराच्या खालची विहीर

आमची विहीर महूच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका लहान गावाच्या कडेला आहे. आहे म्हणते, कारण ती अजून आहे, भरलेली आहे. पावसाळा संपल्यावर काठावर पालथं पडून हात घातला तर पाणी बोटांना लागतं, इतकी भरलेली. फक्त ते पाणी आता आम्ही पीत नाही.

लहानपणी दर रविवारी आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरहून तिथे जायचो. बाबा पोस्टात होते, त्यांना सुट्टी रविवारचीच. आजोबा तिथे एकटे राहायचे. जाताना आई दोन रिकामे अ‍ॅल्युमिनियमचे कॅन न्यायची, दूधवाले वापरतात तसले, घट्ट झाकणाचे. परत येताना ते विहिरीच्या पाण्याने भरलेले असायचे. बसमध्ये ते कुठे ठेवायचे यावरून दर वेळी भांडण. कंडक्टर ओळखीचा झाला होता. तो म्हणायचा, "आ गया बहनजी का गंगाजल!" आई ठसक्यात म्हणायची, "गंगाजल नहीं भिया, हमारे कुएँ का पानी है." आमच्या घराशी गंगाजलाचा काही संबंध नव्हता आणि 'हमारे' या शब्दावर तिचा जरा जास्त जोर असायचा.

घरी नर्मदेचा नळ एक दिवसाआड यायचा. ते पाणी धुण्याभांड्याला, आंघोळीला. चहा आणि वरण मात्र विहिरीच्या पाण्याचं. आईचं म्हणणं, त्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, तेव्हा तिला सांगितलं की आपल्या विहिरीचं पाणी जड आहे, त्यात डाळ उलट उशिरा शिजायला पाहिजे. आई म्हणाली, "तुझ्या पुस्तकाला सांग, एक दिवस आमच्याकडे जेवायला ये." ती बरोबर नव्हती. पण तिच्या हातच्या वरणाला जी चव होती ती मला परत कुठे मिळालेली नाही, आणि आता ती डाळीमुळे होती की पाण्यामुळे की तिच्यामुळे, हे वेगळं काढण्याची कुठलीही टेस्ट माझ्याकडे नाही.

ही विहीर आजोबांनी खणली होती. ते फौजेत होते, महूच्या छावणीत त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर इथे जमिनीचा छोटासा तुकडा घेतला. गावात विहीर होती. पण तिथे आमच्या लोकांनी घागर घेऊन लांब उभं राहायचं आणि कोणाला दया आली तर त्याने वरून पाणी ओतायचं, अशी रीत. आजोबा लढाईवर जाऊन आलेले. त्यांनी एक दिवस आजीला तसं उभं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली. महूहून दोन जुने सोबती आले. काळी माती, मग मुरूम, मग खडक. बाबा तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. त्यांना आठवतं ते इतकंच, की पाणी लागलं तेव्हा आजोबा खालून ओरडले आणि आजी वर रडायला लागली, आणि आपल्याला वाटलं की आजोबा पडले.

काही वर्षांनी पाऊस कमी झाला, गावची विहीर तळाला गेली. आमची आटली नाही. तेव्हा वरच्या शेताचा मालक, ज्याच्या घरचे आमच्या सावलीलाही बाजूला व्हायचे, तो आपल्या बायकोला घेऊन आला आणि काठाशी उभा राहिला. आजोबांनी दोर त्याच्या हातात दिला आणि घरात निघून गेले. बाबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा नेहमी इथे थांबायचे. आजोबांनी दोर हातात दिला, पाणी ओतलं नाही. ज्याला पाणी पाहिजे त्याने ते स्वतः काढावं, कोणी वरून ओतावं असं नाही, हा त्यातला मुद्दा.

तेव्हापासून एक रीत पडली. एप्रिलात जयंतीला महूला देशभरातून माणसं येतात. त्यातली बरीच पायी असतात, नागपूरकडची, मराठवाड्यातली, उन्हाने करपलेली. आमचं घर त्या वाटेपासून जवळ. आजोबा फाट्यावर चार माठ मांडायचे. नंतर बाबा मांडायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ फडकी ओली करून माठांना गुंडाळायचो. माणसं ओंजळ धरायची आणि आई म्हणायची, "पेला घ्या, पेला. ओंजळ नको." त्या दोन दिवसांत विहिरीतून किती पाणी निघायचं! मला ते दिवस आठवले की अजून हाताला ओल्या फडक्याचा गारवा जाणवतो.

आई गेली आणि त्यानंतर वर्षभरात बाबांनी राजेंद्र नगरचं घर माझ्यावर सोपवलं. म्हणाले, "बेटा, तू कॉलेजला जातेस, मी दिवसभर भिंतींशी बोलतो. मला विहिरीवर जाऊ दे." मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट आहे. लग्न केलं नाही. रविवारी बाबांकडे जायचं, ही सवय तशीच चालू राहिली. फक्त बसऐवजी स्कूटर, आणि कॅनऐवजी प्लास्टिकची पाच लिटरची बरणी.

गाव बदललं होतं. पूर्वी वरच्या शेतात पावसाळ्यात ज्वारी-मका आणि थंडीत हरभरा असायचा. आता सोयाबीन निघालं की लगेच बटाटा, बटाटा निघाला की लसूण किंवा गहू. जमीन रिकामी राहतच नाही. वरच्या शेताचा आताचा मालक त्या दोर धरणाऱ्या माणसाचा नातू, माझ्याच वयाचा. मी त्याला भिया म्हणते, तो मला जीजी म्हणतो. मेहनती माणूस. त्याच्या शेतात युरियाच्या पिशव्या यायच्या, त्याने त्या रिकाम्या पिशव्या धुऊन बाबांना द्यायच्या आणि बाबांनी त्यात वाळलेली पानं भरायची. दोघं संध्याकाळी काठावर बसून चहा प्यायचे. चहा आमच्या विहिरीच्या पाण्याचा. त्याचं शेत उंचावर, आमची विहीर उताराच्या खाली. हे आम्हाला सगळ्यांना रोज दिसत होतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या भावाला मुलगी झाली. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर झालेलं बाळ. भाऊ पीथमपूरच्या एका कारखान्यात, पाळीची नोकरी. बाळंतपणानंतर महिन्याभरात त्याच्या बायकोला टायफॉइड झाला. ती इतकी अशक्त झाली की दूध गेलं. डॉक्टरांनी डब्याचं दूध सुरू करायला सांगितलं. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, उन्हाचा कवडसा येत नाही. बाबा म्हणाले, "दोघींना इकडे आणा. ऊन आहे, हवा आहे, मी आहे." दिवाळी होऊन गेली होती. वरच्या शेतात बटाटा लागला होता.

बाबांनी त्या बाळासाठी काय नाही केलं! भिंतीवर कागद चिकटवला, त्यावर दूध पाजायच्या वेळा. बाटल्या उकळायच्या, बूच उकळायचं, चमचा उकळायचा. पाणी तर ते स्वतः उकळायचे, सुनेला हात लावू द्यायचे नाहीत. घड्याळ समोर ठेवून पुरी वीस मिनिटं. मी एकदा म्हटलं, "बाबा, पाच मिनिटं पुष्कळ झाली." ते म्हणाले, "तान्हं लेकरू आहे. त्यात कसर नको." पातेलं अर्धं होईपर्यंत पाणी आटायचं, मग ते गाळून बाटलीत.

त्या रविवारी मी सकाळी साडेनऊला पोचले. बाळ अंगणात खाटेवर, उन्हात. दोन टोपरी, दुपटं, वर शाल. भावाची बायको म्हणाली, "ताई, ही कालपासून झोपतेच आहे. रडत पण नाही. बाबा म्हणतात थंडी बाधली." मी शाल बाजूला केली. बाळाचे ओठ राखेसारखे निळसर होते. मला वाटलं, सावलीमुळे दिसतात. तिला उचलून उन्हात धरलं. ओठ तसेच. मी तिची मूठ उघडली. पाचही नखं निळी.

"बाबा, गाडी!" मी एवढंच ओरडले. आमच्याकडे गाडी कुठली? बाबा चपला न घालता वरच्या शेताकडे धावले. सत्तरी ओलांडलेला माणूस, बटाट्याच्या सऱ्या तुडवत. पाच मिनिटांत तो शेजारी आपली पिकअप घेऊन दारात आला. मागे खताच्या पिशव्या तशाच होत्या, उतरवायलाही तो थांबला नाही. आम्ही तिघं पुढे दाटीवाटीने बसलो, मी, बाळ आणि तिची आई. बाबा मागे पिशव्यांवर. इंदूरपर्यंत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "कईं नी होय जीजी, कईं नी होय." काही होणार नाही.

हॉस्पिटलात आधी प्राणवायू लावला. ओठ निळेच राहिले. तिथली मुलांची डॉक्टर तरुण होती, केस घाईत बांधलेले. तिने बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला आणि पांढऱ्या कागदावर टेकवला. मी वाकून पाहिलं. रक्त लाल नव्हतं. चॉकलेटसारखं तपकिरी होतं, आणि हवा लागूनही तपकिरीच राहिलं. डॉक्टर त्या थेंबाकडे बघत राहिली आणि मग तिने मान वर केली.

"दूध कौन सा देते हैं?"

"डिब्बे का," भावाची बायको म्हणाली.

"और पानी?"

"कुएँ का. पर उबाल के," बाबा मागून म्हणाले. "पूरे बीस मिनट. मी स्वतः उकळतो."

डॉक्टरने विचारलं, विहिरीच्या आसपास शेती आहे का. बाबा म्हणाले, आहे ना, चारी बाजूंनी. तिने लगेच नर्सला काहीतरी आणायला सांगितलं. आलं ते औषध गडद निळं होतं, शाईसारखं. निळ्या पडलेल्या बाळाच्या शिरेत ते निळं औषध हळूहळू जाताना आम्ही काचेतून बघत होतो. अर्धा तास गेला, थोडा जास्तच. मग आधी कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या. मग ओठ. मग तिने तोंड वाकडं केलं आणि इतक्या जोरात रडली की बाहेर बाकावर बसलेला शेजारी उठून उभा राहिला. त्याने डोळ्यांवरून पंचा फिरवला आणि मला म्हणाला, "अब म्हूँ जाऊँ? गाडी में खाद पड़ी है." मी हो म्हटलं. मला तोवर सगळं समजलं होतं. त्याला काहीच समजलं नव्हतं.

भाऊ कारखान्यातून थेट तिथे आला. डॉक्टरने त्याला समजावलं. शेतात टाकलेल्या खतातला नत्राचा भाग पावसाबरोबर, पाटाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरतो. शेणाच्या उकिरड्यातूनही उतरतो. तो विहिरीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. पण पहिल्या काही महिन्यांच्या बाळाच्या पोटात त्याचं रूप बदलतं आणि मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. भावाने विचारलं, "पण उकळलं होतं ना?" डॉक्टर म्हणाली, "उबालने से कीड़े मरते हैं, यह नहीं जाता." पुढचं वाक्य ती बाबांकडे बघून बोलली नाही. पाणी जितकं आटतं, तितकं ते उरलेल्या पाण्यात दाट होतं. मला ते माहीत होतं. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात.

सोमवारी मी विहिरीच्या पाण्याची बाटली कॉलेजात नेली. त्या नत्राची, म्हणजे नायट्रेटची टेस्ट मी वीस वर्षं मुलांसमोर मांडत आले आहे. पाणी वॉटर बाथच्या वाफेवर पूर्ण आटवायचं, खाली उरलेल्या पांढऱ्या क्षारावर आम्ल घालायचं, मग अमोनिया. नायट्रेट असेल तर पिवळा रंग येतो. जितकं जास्त तितका गडद. मुलांना द्यायचं पाणी मीच तयार करायची, कपाटातल्या बाटलीतून मोजून. वीस वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की आपल्या घरचं पाणी घालून बघावं. दर रविवारी मी ते पाच लिटर उचलून आणत होते, पीत होते. माझ्या हातात टेस्ट होती आणि पाणीही होतं.

अमोनिया घातल्याबरोबर रंग आला. हळदीच्या पाण्यासारखा, आणि मग आणखी गडद. मी दोनदा केली. तिसऱ्यांदा आमच्या सरांना करायला सांगितली, न सांगता की हे पाणी कुठलं. ते म्हणाले, "बाप रे, कहाँ से लाई हो? लिमिटच्या दुप्पटहून वर आहे." मी म्हटलं, "घरचं आहे सर."

बाबा तेव्हा विहिरीवर परत गेले होते. बाळ अजून हॉस्पिटलात होतं, ठीक होतं. दुपटी औषधाने हिरवी-निळी होत होती आणि नर्सेस हसत होत्या. मी मंगळवारी बाबांकडे गेले. ते काठावर बसले होते. भिंतीवरचा वेळापत्रकाचा कागद काढलेला होता, चारही कोपऱ्यांना भिंतीचा चुना निघाला होता.

"टेस्ट केलीस?"

"हो."

"आहे?"

"आहे बाबा."

ते पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "एक विचारतो. खरं सांग. मी उकळलं, ते बरं झालं की वाईट?"

मी वाटेभर ठरवत आले होते की हे सांगायचं नाही. म्हणायचं, त्याने काही फरक पडला नाही. स्कूटरवर मी ते वाक्य चार वेळा बोलून पाहिलं होतं.

"काही फरक नाही पडत बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पातेलं अर्धं व्हायचं. मीठ घातलेलं पाणी आटवलं तर खारट होतं, एवढं मला कळतं. मी पोस्टमन म्हणून लागलो होतो, पण शाळेत गेलो होतो."

मग मी सांगितलं. हो, वाईट झालं. त्यांनी मान हलवली. रडले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले, "वीस मिनिटं. घड्याळ लावून." आणि मग उठून घरात गेले. मी तिथे बसून राहिले. त्यांना मिठी मारावी असं वाटत होतं, पण आमच्याकडे तशी सवय नाही. मी आत चहा ठेवायला गेले आणि पातेल्यात पाणी ओतताना हात थांबला. विहिरीचं की दुसरीकडचं, हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा उभा राहिला होता. मी चहा केलाच नाही.

शेजाऱ्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. भाऊ संतापला होता, म्हणत होता, तक्रार करतो, कलेक्टरकडे जातो. बाबा म्हणाले, "तो अनवाणी माणसाला बघून पिकअप घेऊन आला होता. आधी ताई बोलेल." मी वरच्या शेतात गेले. तो मोटर बंद करत होता. सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसला, बटाट्याच्या वरंब्यावर.

"म्हारा खेत से?"

"तुमच्याच नाही भिया. सगळीकडचं. पण उतार तुमच्याकडून आहे. आणि तो उकिरडा पण."

"म्हाने तो पतो नी थो, जीजी." मला तर माहीतच नव्हतं. मग हळूच म्हणाला, "घर में बहू पेट से है." त्याच्या सुनेला सातवा महिना होता. त्यांचं पिण्याचं पाणी त्यांच्या बोअरचं. तो धावत जाऊन लोटाभर पाणी घेऊन आला आणि माझ्यासमोर धरलं, जसं काही मी बघून सांगणार होते.

त्याचंही पाणी नेलं. तेही पिवळं. आमच्याइतकं नाही, पण मर्यादेच्या वर.

पुढचं सगळं हळूहळू झालं. त्याने उकिरडा उतारावरून काढून पलीकडे नेला, खाली फरशी टाकली. युरिया एकदम फेकायचा तो तीन वेळा थोडा थोडा द्यायला लागला. कृषी खात्याच्या माणसाला त्याने स्वतः बोलावलं. आमच्या हद्दीला लागून दोन सऱ्या सोडल्या आणि तिथे नेपियर गवत लावलं, पाण्याबरोबर येणारं त्याने थोडं तरी ओढून घ्यावं म्हणून. सुनेला बाळंतपणासाठी माहेरी इंदूरला, परदेशीपुऱ्यात पाठवलं आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आणलं नाही. बाकी गावात कोणी ऐकलं, कोणी नाही. एक जण मला म्हणाला, "आमच्या बापजाद्यांनी हेच पाणी प्यायलं, बेनजी." मी म्हटलं, "हे नाही प्यायलं, भिया. ते वेगळं होतं." तो हसला. त्याला मी काय सांगणार, पाणी दिसायला तर तेच.

पुढच्या वर्षी एप्रिल आला. मी बाबांना म्हटलं, "मोठ्या माणसांना एक पेला पाणी प्यायल्याने काही होत नाही. माठ मांडू या." मला ते मनापासून वाटत होतं, आणि शास्त्रानेही ते चूक नव्हतं. बाबा म्हणाले, "त्या गर्दीत कोणाच्या कडेवर तान्हं आहे, मी विचारत बसू का? कोणी बाटली भरून नेईल, पुढे जाऊन दूध कालवेल. नाही."

आम्ही नर्मदेच्या पाण्याचा टँकर मागवला. माठ तेच, फडकी ओली, पेले घासलेले. उन्हं चढली तशी माणसं येऊ लागली. विदर्भातली एक म्हातारी बाई आली, निळी किनार असलेलं पांढरं लुगडं, हातात छोटा झेंडा. तिने पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि मागे वळून विहीर पाहिली. "एवढी भरलेली विहीर आहे की भाऊ. मग हा टँकर कशाला?"

बाबांनी तिला सांगितलं, पाणी खराब झालं. ती म्हणाली, "कोणी काय टाकलं का?" आमच्या लोकांच्या मनात हा प्रश्न पहिला येतो. तिच्या आठवणीतही विहिरी असणार. बाबा घाईने म्हणाले, "नाही नाही माय, मुद्दाम नाही. खताचं पाणी झिरपलं." तिने विहिरीकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "कोणी खणली?" "माझ्या वडिलांनी." तिने हातातला पेला खाली ठेवला, विहिरीपाशी गेली, काठाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावून आपल्या माणसांच्या मागे निघून गेली. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. त्यानंतर दिवसभर ते माठ भरत राहिले. मी त्यांना इतकं एकटं आई गेल्यावरही पाहिलं नव्हतं.

मी दर पावसाळ्यानंतर आणि दर उन्हाळ्यात टेस्ट करते. मुलांनाही आता मी सांगते, आपापल्या घरचं, गावचं पाणी आणा. कपाटातली बाटली मी बंद केली आहे. कोणाचं पिवळं येतं तेव्हा बाकीची मुलं आपलं सोडून बघायला जमतात. एक मुलगी देपालपूरकडून रोज ये-जा करते. तिने आपलं पाणी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी घरी फोन लावून आपल्या वहिनीला ते बाळाला देणं थांबवायला लावलं. मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हा मला बरं वाटलं, आणि लगेच बाबांची आठवण आली.

बाबा अजून विहिरीवरच राहतात. पिण्याचं पाणी मी त्यांना राजेंद्र नगरहून बरण्या भरून नेते. उलटी वाहतूक. कधी कधी स्कूटर चालवताना मला आईचा आवाज ऐकू येतो, हमारे कुएँ का पानी, आणि मग उरलेला रस्ता मी काहीतरी दुसरं आठवत काढते. मला त्या पाण्याची तहान लागते. ही खरी तहान आहे, घशाला लागणारी. फ्रिजमधलं पाणी पिऊन ती जात नाही. उन्हातून आल्यावर आई जो पहिला तांब्या हातात द्यायची, त्याची ती तहान आहे.

भावाची मुलगी आता बालवाडीत जाते. दणकट आहे, काळी-सावळी, खणखणीत आवाजाची. उन्हाळ्यात ती बाबांकडे राहते, गळ्यात पाण्याची बाटली अडकवून. बाबा तिला पोहायला शिकवायचं म्हणतात, विहिरीतच, कमरेला दोर बांधून. पोहायला ते पाणी चालतं, मी तसं सांगितलं आहे, फक्त तोंड मिटून ठेवायचं. गेल्या महिन्यात मी या वर्षीची टेस्ट केली आणि रविवारी गेले तेव्हा बाबा मेथी निवडत होते.

"किती?"

"थोडं कमी झालंय. मर्यादेच्या वरच आहे अजून."

"थोडं म्हणजे?"

"थोडंच, बाबा. जमिनीत खूप खोल गेलंय ते. निघायला वेळ लागतो."

त्यांनी एक जुडी सोडली. "माझ्या हयातीत?"

"नाही वाटत."

"तुझ्या?"

"माहीत नाही."

अंगणात भावाची मुलगी शेजाऱ्याच्या नातवाशी कशावरून तरी भांडत होती. दोघंही अर्धं मराठी, अर्धं माळवी बोलत होते, आणि आवाज कोणाचाच कमी नव्हता. बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही.  मग त्यांनी मेथीची निवडलेली पानं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "धुऊन घे. बरणीतल्या पाण्याने."